मागची खोली आणि माझं डोकं

चि. धाकटे,

पोटभर आशीर्वाद. तुझी कंबर काय म्हणते? भाच्याचा खोकला हटला का? सूनबाईंची दाढ काढली, की अजून लवंगेवरच भागतंय? नातीचा कान सुकला ना? माझं विचारशील तर मी ठणठणीत आहे, म्हणजे आता आहे.

झालं असं की मागची खोली रंगवायला काढली. (पोपडे निघाले होते, दुसरं काही नाही.) जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्यानं घरच्या भिंतींना माणूस कशाला लावायचा? पण पाट्या रंगवल्या त्या शिडीवर, मोकळ्या हवेत. बंद घरातला ऑइलपेंट वेगळा, ही अक्कल यायला हे वय उजाडावं लागलं. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून खिडक्या गच्च लावल्या आणि तिथेच खाट टाकून झोपलो. सकाळी डोकं असं ठणकतंय की जणू आत कुणी खिळे ठोकतंय, आणि पोटात नुसतं ढवळतंय. म्हटलं, पित्त. आदल्या दिवशी रंगाच्या नादात जेवण नाही, पाणी नाही, उपाशीपोटी चहावर चहा. होणार नाही तर काय? आलं चघळलं, कपाळाला ओला रुमाल बांधला. डोकेदुखीला अंधार आणि शांतता बरी असं कुठंसं वाचलेलं, म्हणून दार लोटून पुन्हा त्याच खोलीत आडवा झालो. (हस, हस.) जितका उपचार, तितका आजार.

गंमत म्हणजे, लिंबू आणायला कोपऱ्यापर्यंत गेलो की बरं वाटे. भाजीवाल्याशी दोन शब्द झाले की डोकं हलकं. घरात पाऊल टाकलं की पुन्हा तेच. म्हणून मी सारखा लिंबं आणत सुटलो, तर तो विचारतो, काका, सरबताची गाडी टाकलीत का? यावरून मी निदान पक्कं केलं, की मला एकटेपणा बाधलाय. सगळं जुळतच होतं ग. बोलायला कुणी नाही, जेवताना समोर भिंत. चांगलं रडूनही घेतलं. (हे सूनबाईंना वाचून दाखवू नकोस.)

तेवढ्यात तळमजल्यावरच्या नर्सबाई गच्चीची किल्ली मागायला आल्या, त्यांना हे निदान ऐकवलं. त्यांनी दारातच नाक आक्रसलं.

"काका, एकटेपणाला टर्पेंटाइनचा वास येत नाही."

मग त्यांनी भराभरा खिडक्या उघडल्या, मला गॅलरीत बसवलं, घोटघोट पाणी पाजलं, मळमळ थांबल्यावर कोरडा टोस्ट दिला. वर दम भरला की डोकं एकाएकी फुटल्यासारखं दुखलं, मान आखडली, बोलणं अडखळलं किंवा उलट्या थांबेनात, तर घरात औषधं शोधत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. संध्याकाळी डोकेदुखी उतरली आणि बाई आपल्या घरी गेल्या. मग घर पुन्हा गप्प झालं. म्हणजे माझं निदान अगदीच चुकलं नव्हतं.

तेव्हा काळजी नको. उगाच धावत येऊ नकोस.

तुझा
दादा

ता. क. पोपड्यांचं खोटं आहे. मेहुणे गेल्यापासून तू भाच्याकडे हॉलमध्ये झोपतेस, सगळ्यांचा टीव्ही बंद होईपर्यंत ताटकळतेस, असं कानावर आलं. त्याची जागाच लहान, त्याचाही दोष नाही. खोली तुझ्यासाठी रंगवली. तिथे झोपलो ते सकाळचं ऊन तुझ्या डोळ्यांवर येईल का, हे बघायला. येत नाही, पायांवर येतं.

पुन्हा ता. क. वास आता मुळीच नाही. येतेस का कायमची? 'नाही' लिहायचं असलं तरी लवकर लिही. तोवर खाट तिथून हलवत नाही.