बद्द म्हणजे क्लँक

सोमवार, ४
भाचीनं आज एक इंग्रजी शब्द दिला. क्लँक. ती आमच्याच कारखान्यात वर ऑफिसात बसते. मी खाली पंपाची ओतीव चाकं तपासते — हातोडीचा एक टोला, आत चीर आहे की नाही ते सांगायचं. एकोणीस वर्षं हेच.
"मावशी, चिरलेलं चाक कसं वाजतं गं?"
बद्द. आणखी कसं वाजणार?
"मग तो क्लँक. लोखंडावर लोखंड आपटतं पण घुमत नाही, तो. साखळीचा क्लँक, बादलीचा क्लँक. घुमला की क्लँग."
म्हटलं, म्हणजे इंग्रजांच्या बादल्याही आपल्यासारख्याच आदळतात. खूप हसली.

मंगळवार, ५
आज वही घेऊन आली. टोला कुठं, केवढा, आवाज किती वेळ टिकतो — सगळं विचारलं. सांगितलं. तिची आई गेल्यापासून मीच वाढवली तिला, तिच्यापासून काय लपवायचं?
"डावा हात चाकाला कशाला लावतेस?"
सवय, म्हटलं. ते तिनं लिहिलं नाही.

शुक्रवार, ८
भांडी घासताना म्हणून पाहिलं. ताटाचा क्लँग. तव्याचा क्लँक. शब्द बरे आहेत.

बुधवार, १३
भिंतीवर तक्ता लागला. क्लँग — पास. क्लँक — बाद. खाली भाचीचं नाव. साहेब म्हणाले, "आता हे काम कोणीही करील. बाई, तुम्ही उद्यापासून पॅकिंगला."
ती शेजारीच उभी. चपलांकडे बघत.
जेवणाच्या सुट्टीत आली. "मला वाटलं, तुझं काम हलकं होईल."
झालं की हलकं! एकोणीस वर्षं उचलून खोक्यात भरली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. डबा तसाच परत आणला.

गुरुवार, १४
खोकी. दिवसभर खोकी. तिच्याशी बोलले नाही.

सोमवार, २५
एकतीस चाकं गिऱ्हाइकाकडून परत आली. सगळी चिरलेली, सगळी तक्त्यावर पास झालेली. भाची घरी येऊन रडली. "साहेब मलाच धरतायत. मावशी, कुठला आवाज लिहायचा राहिला?"
चहा दिला.

मंगळवार, २६
कुठलाच राहिला नाही. माणसांचं बोलणं कळतं, पण चाकाचा आवाज मला पाच वर्षं झाली, नीट ऐकूच येत नाही. तिला सांगितले ते आठवणीतले. टोल्याच्या थरथरीवरून चीर मला बोटाला कळते.
तिनं हाताचं विचारलं होतं. मीच सवय म्हणाले.