मागची खोली

खायेलित्शा, केपटाउन
१९ ऑगस्ट २००३

प्रिय नोलुवोताई,

तू, भाऊजी आणि घरचे सगळे बरे असाल असं धरून चालते. भाऊजींचे गुडघे थंडीत फार त्रास देत असतील. इथे पंधरा दिवस पावसानं पाठ सोडलेली नाही. माझी शाळेची नोकरी चालू आहे, फरशा पुसायच्या, काचा पुसायच्या. माझ्या विवेचा पुढचा दात पडला, त्यामुळे ती हल्ली तोंडावर हात ठेवून हसते.

हे पत्र तुझ्या सिनाझोच्याच हाती देते आहे. शुक्रवारी ती बसमध्ये बसेल, शनिवारी सकाळी तुझ्यापाशी पोचेल. फोनवर मी तुला एवढंच म्हणाले होते की पोरीची छाती नाजूक झालीय, डॉक्टर म्हणतात घरी न्या. तू म्हणालीस, "केपची थंडी बाधली असेल." मी हो म्हणाले. तू दुकानात चार माणसांसमोर फोन धरून उभी होतीस, म्हणून जास्त बोलले नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

ती आता बरी आहे, ते आधी सांगते. जेवते, बोलते. काल विवेच्या दातावरून तिला चिडवत होती. दवाखान्याचा जिना चढताना मात्र मध्येच थांबते.

खोकला मे महिन्यात सुरू झाला. इथे कुणी खोकलं की सगळ्यांना क्षयच दिसतो. वर्गातल्या मुलींनी बाक बदलले. दवाखान्यात दोनदा थुंकी तपासली, दोन्ही वेळा काही निघालं नाही. तू पाठवलेल्या कडू पाल्याचा काढा रोज दिला. मग जूनच्या सुट्टीत ती चर्चच्या गायकवृंदाबरोबर आठ दिवस वुस्टरला गेली आणि तिथे एकदासुद्धा खोकली नाही. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा छातीतून शिट्टीसारखा आवाज.

ती मला म्हणाली, "मावशी, बाहेर गेले की छाती मोकळी होते गं."

मी भांडी घासत होते. म्हणाले, "म्हणजे माझ्या घरात काय विष भरलंय का?"

त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही.

ताई, तिची खोली म्हणजे मागची. या घरांच्या भिंती एकेरी विटेच्या, वर पत्रा, आतून छत नाही. हिवाळ्यात पत्र्याला घाम सुटतो आणि पाणी भिंतीवरून उतरतं. मागच्या भिंतीला ऊन कधी लागत नाही. तिथे काळी बुरशी धरते. आधी ठिपके, मग हाताएवढे डाग, मग पलंगामागे सगळी भिंत. गादी उचलली की खालूनही कुबट वास.

जुलैतल्या एका रविवारी चर्चहून आल्यावर मी ती भिंत कोरड्या ब्रशनं खरवडायला घेतली. सिनाझो पलंगावर बसून अभ्यास करत होती. तिला बाहेर जा म्हणायचंही मला सुचलं नाही. काळी भुकटी खोलीभर उडाली. अर्ध्या तासात तिला श्वास घेता येईना. ओठ निळे पडले. शेजारच्या म्काबांनी त्यांच्या गाडीत घालून इस्पितळात नेलं.

तिथे नाकातोंडावर मास्क लावून औषधाची वाफ दिली. संध्याकाळपर्यंत ती सावरली. डॉक्टर तरुण बाई होती. तिनं विचारलं, "ही झोपते त्या खोलीत ओल आहे का? भिंतीवर बुरशी?"

मी म्हणाले, "नाही. भिंती चांगल्या आहेत."

डॉक्टरनं सिनाझोकडे पाहिलं. मास्कमधून पोरीनं माझ्याकडे बघितलं, आणि माझ्यासाठी मान हलवली. चांगल्या आहेत म्हणून.

दोन दिवसांनी तिला घरी सोडलं, आणि मी तिला पुन्हा त्याच पलंगावर झोपवलं. नवव्या दिवशी शाळेला निघताना ती दारातच कोसळली. या वेळी अतिदक्षता विभाग. सहा दिवस, त्यातले तीन श्वासाच्या नळीवर. तुला मी फोनवर "थोडे दिवस ठेवून घेतलंय" एवढंच सांगितलं होतं.

त्या तीन दिवसांतल्या पहिल्याच दिवशी मी डॉक्टरला खरं सांगितलं. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "हे मागच्या वेळी सांगायला हवं होतं." दमा हिच्यात आधीपासून झोपलेला असेल, त्या बुरशीनं तो जागा केला आणि वाढवला, असं ती म्हणाली. ओलीपासून दूर राहिली, औषध नीट घेतलं तर पुष्कळ सुधारेल. पूर्ण जाईल का, ते ती सांगू शकली नाही.

अजून एक राहिलंय. इथपर्यंत लिहून मी दोनदा चहा करायला उठले.

त्या खोलीत आधी विवे झोपायची. दोन वर्षांपूर्वी तीही अशीच खोकायची. दवाखान्यातल्या नर्सनं मला स्पष्ट बजावलं होतं, "या पोरीला त्या खोलीत झोपवू नका." मी तिला माझ्याजवळ पुढच्या खोलीत आणलं, महिन्याभरात तिचा खोकला गेला. जानेवारीत सिनाझो यायच्या आधी मी त्या भिंतीला पिवळा रंग दिला. ताई, मला माहीत होतं.

मी शाळेतून येईपर्यंत विवेजवळ कुणीतरी हवं होतं. आणि तुला इतकी वर्षं पत्रांतून सांगत आले, माझ्या नावाचं घर, विटांचं, दोन खोल्यांचं. तू मातीच्या घरात राहतेस आणि तुझ्या भिंती कोरड्या आहेत. ते मला लिहवलं नाही.

पालिकेचा माणूस येऊन गेला. भिंत बघून म्हणाला, "खिडकी उघडी ठेवत जा." मी म्हणाले, "पावसात तुम्ही ठेवता का?" तो वहीत काहीतरी लिहून गेला. खोली आता बंद आहे. आम्ही तिघी पुढे झोपतो.

सिनाझोला नोव्हेंबरची परीक्षा द्यायची होती. वर्ष वाया जाईल म्हणून ती रडली. मी पत्र लिहितेय हे पाहून म्हणाली, "आईला सगळं नको सांगू. ती तुझ्याशी बोलायची नाही." मी म्हणाले, "न बोलू दे."

औषधाचा तपकिरी पंप रोज सकाळ-संध्याकाळ, बरं वाटलं तरी. निळा फक्त दम लागला तर. चुलीच्या धुरात तिला बसवू नकोस. निळ्यानं दहा मिनिटांत उतार पडला नाही तर वाट न बघता इस्पितळात ने.

तुला उत्तर लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस. तिला श्वास कसा येतो, तेवढं कुणाकडून तरी कळव.

तुझ्या लेकीला त्या खोलीत झोपवणारी,
तुझी धाकटी बहीण,
थोझामा