तीच डाळ

शुक्रवार, मेअखेर. नळाला पाणी येऊन आज आठवा दिवस.

भाव लिहून न्यायला येणाऱ्या कुलकर्णीबाई आज शेवटच्या आल्या. या महिन्यात रिटायर. महागाईचा सरकारी आकडा काढायला शहागंजातलं माझं दुकान त्यांनी बारा वर्षांपूर्वी धरलं. दर महिन्याला तेच दुकान, तोच माल. "शेटजी, तूरडाळ तीच ना?" मी "तीच" म्हणायचं, मग त्या भाव लिहायच्या.

बाई यायला लागल्यावरच्या पहिल्या दुष्काळात चांगली डाळ लई चढली. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून त्याच नावानं हलकी डाळ विकायला लागलो. बाईंनाही "तीच" म्हणालो. म्हणजे कागदावर महागाई कमीच दिसली असणार. आजवर एवढंच खुपत होतं. पण बाई घरची डाळही माझ्याकडूनच नेतात, हे कसं सुचलं नाही मला?

आज म्हणाल्या, "शेटजी, तुमचा चहाच तेवढा महागला नाही." हसलो दोघं. मग म्हणाल्या, "टँकरच्या पाण्यात डाळ शिजतच नाही हो. आमचे हे शेवटपर्यंत म्हणत राहिले, तुझ्या हाताची चव गेली. मी आपली पाण्याला शिव्या द्यायची."

यजमान जाऊन वर्ष झालं त्यांचे. तोंडाशी आलेलं मी चहाबरोबर गिळलं. सांगून काय भलं होणार होतं? की मी अब्रूला भ्यालो?

आतून चांगली डाळ दोन किलो बांधून दिली.

बाईंनी पिशवी चाचपली. "तीच ना, शेटजी?"

"तीच," म्हणालो.