सिल्वेस्त्रेकाकांवरचा आळ

निर्वासित छावणी, अगात, ग्वाम
११ ऑगस्ट १९४४

प्रिय फेलिक्सदादा,

तू अमेरिकन आरमाराच्या बोटीवर सुखरूप असशील, अशी आशा आहे. जपानी हरले आणि अडीच वर्षांनी टपाल सुरू झालंय. आम्ही तंबूत राहतो. आपली छोटी रेमेडिओस खोकते, पण जेवते. आईला लिहिता येत नाही, म्हणून ती सांगतेय आणि मी लिहितोय.

"लिही, बाबा गेले. जूनमध्ये, जपान्यांनी मारलं."

दादा, खाली बसून वाच.

"लिही, आपल्या खुराड्यात रेडिओ लपवला होता. शेजारचा सिल्वेस्त्रे रोज बातम्या ऐकायला यायचा. त्या मेल्यानेच चुगली केली. नाहीतर तो कसा वाचला? माझा फेलिक्स आला की बघून घेईल म्हणावं."

छावणीत सिल्वेस्त्रेकाकांशी कोणी बोलत नाही. काल पाण्याच्या रांगेत आई त्यांच्या तोंडावर थुंकली. त्यांनी तोंड पुसलं आणि पाणी न घेताच ते गेले.

आईचं सांगून संपलं. आता माझं.

काकांनी काही केलं नाही. जपानी आम्हा मुलांना धावपट्टीवर दगड वेचायला लावायचे. त्यांच्या मुकादमाने मला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. मी चिडून ओरडलो, "अमेरिकन शेजारच्या सायपान बेटावर पोहोचलेत! आता तुमची पाळी!"

तो हसला. हळूच म्हणाला, "तुला कुणी सांगितलं रे?"

मी पळालो. घरी कुणालाच सांगितलं नाही. तेव्हाच सांगितलं असतं, तर बाबा रात्रीतून रानात गेले असते. पण मला माराची भीती वाटली, दादा. नुसत्या माराची.

दुसऱ्या दिवशी सकाळी जपानी शिपाई आले. रेडिओ सापडला. "आणखी कोण ऐकतं?" त्यांनी विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी एकटाच." त्यांना सगळं कळलं होतं. काका वाचले ते बाबांच्या त्या शब्दांमुळे.

आई विचारतेय, "मी चार ओळी सांगितल्या, तू एवढं काय खरडतोयस? वाच बघू."

मी दुसरंच काही वाचून दाखवलं तरी तिला कळणार नाही. पण तू घरी येशील, काकांच्या अंगावर धावून जाशील, आणि तेव्हाही मी गप्पच बसेन, याची भीती जास्त वाटते.

वाचतो.

दादा, सगळं वाचलं. आईने मारलं नाही. रडलीही नाही. आता म्हणतेय, "ऊठ. सिल्वेस्त्रेच्या तंबूत चल. तिथे तुझ्या तोंडाने सांग."

पत्र संपवून निघतो. ती दाराशी थांबली आहे.

तू मला भाऊ म्हणशील की नाही, ठाऊक नाही. तरीही तुझाच,

अंब्रोसिओ