जिभेखालचे दाणे

ताराता, ४ जून १९६८

ती. ताईस,
रोसेंदोचा सा. न. वि. वि.

लोकरीची बंडी पोचली. बाह्या बोटभर लांब आहेत, पण वीण एकसारखी आहे.

आता कामाचं. माझ्या खालच्या जबड्यात, आतल्या अंगाला, जिभेखाली गाठी आल्यात. डावीकडे दोन, उजवीकडे एक. भिजल्या हरभऱ्याएवढ्या, हाडासारख्या टणक, दुखत नाहीत. न दुखणारी गाठच वाईट, असं माझ्याकडच्या वैद्यकाच्या पुस्तकात आहे. शिलाईयंत्रांची दुरुस्ती कुणाकडे न शिकता उमगली, तसं हे पुस्तकही माझं मीच लावलं. पण जीभ सारखी तिकडेच जाते. काल एका गिऱ्हाइकाच्या यंत्राची सुई मी उलटी बसवली. मी!

शेजारच्या निकोलासाबाईंचं निदान वेगळंच. लहानपणी आईशेजारी बसून मी चिचा-दारूसाठी मक्याचं पीठ लाळेने भिजवायला तोंडात घोळवायचो, तो मका म्हणे जबड्यात रुजला. आई म्हणाली, मग माझ्या तोंडात एव्हाना कणसं लागली असती. तरी मी बॅटरी घेऊन तिचं तोंड तपासलं. काही नाही. वर तिने माझं बोट चावलं.

कोचाबांबाचा दंतवैद्य म्हणतो, आईवडिलांत कुणाला असं असेल तर काळजी नको. नसेल तर कापून तपासावं लागेल. नाव लिहून घेताना त्याने आईच्या आडनावाआधी लागणारं वडिलांकडचं आडनाव विचारलं. म्हटलं, आईचं तेवढंच आहे. मग तो खाली बघायला लागला.

म्हणून विचारतो. तुझ्या बाबांच्या तोंडात असं काही होतं का? 'ह्या पोरात माझं काही नाही' असं ते भर बाजारात म्हणाले होते, तेव्हापासून त्यांच्याबद्दल मी कुणाला काही विचारलेलं नाही. पण त्यांच्या मयताला तू मला हाताला धरून पुढे उभं केलंस, म्हणून तुला विचारवतं. 'नाही' असेल तर तसं सरळ लिही.

आईला तुझी आठवण येते, मलाही.
तुझा
रोसेंदो कोल्के


ओरुरो, ११ जून १९६८

चि. रोसेंदो यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं, आणि वाचता वाचता माझी जीभ खाली गेली. माझ्याही आहेत रे, दोन्हीकडे एकेक. मला वाटायचं सगळ्यांनाच असतात.

बाबांच्या तर शेंगेतल्या दाण्यांसारख्या ओळीने होत्या. दात पडल्यावर त्यांनी तीन ठिकाणी कवळ्या करवल्या. प्रत्येक कवळी त्या उंचवट्यांवर डुगडुगायची. कारागिरांना शिव्या घालून घरी यायचे, दार लावून एकटेच जेवायचे आणि कवळी खिशात ठेवायचे. बाजारात कुणाला पत्ता लागू दिला नाही. तुझ्यात त्यांचं काही नाही म्हणणारा माणूस स्वतःच्या तोंडातलंच लपवत होता!

त्या दंतवैद्याला हे सगळं सांग आणि कापू देऊ नकोस. तू म्हणशील, अशा गाठी पुष्कळांना असतात, हा काही पुरावा नव्हे. मी पुरावा मागितलाच नव्हता. पाकिटावर तुझं नाव नीट बघ.

आईंना नमस्कार सांग. आता रात्री झोपत जा.
तुझी
एर्मेलिंदा रोकाबादो


ताराता, १९ जून १९६८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दंतवैद्याला जाऊन सांगितलं. त्याने पुन्हा चाचपून पाहिलं आणि म्हणाला, घराण्याचं हाड आहे, राहू द्या. पुढे कधी कवळी लागली तरच बघू.

तुझं पत्र घेऊन पोस्टमन दारात घुटमळला होता. 'रोसेंदो रोकाबादो कोल्के' असं मोठ्याने वाचून म्हणाला, ह्या नावाचं ताराताला कुणी नाही, परत धाडतो. आई पीठ घोळवत होती, तोंड भरलेलं, तरी उठून उभी राहिली. मी म्हटलं, “इकडे द्या. आहे.”

हा पुरावा नव्हे, हे मलाही कळतं. सही मी कोल्के अशीच करणार. ते नाव मला वाढवणारीचं आहे. पाकिटावर मात्र तू लिहितेस तसंच लिहीत जा.

जीभ अजून तिकडे जाते. पण आता तपासायला नाही.

एक काम कर. आपल्या बाबांची एखादी कवळी घरात राहिली असेल, तर कापडात गुंडाळून पाठव. तीन कारागिरांना जमलं नाही म्हणजे काय? नेमकी कुठे अडत होती, ते मला बघायचंय.

माया कमी करू नकोस.
तुझा भाऊ
रोसेंदो कोल्के