कडेशी वाकलेल्या रक्तवाहिन्या

१२ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालते. तुझ्या भावजींचा खोकला एकदाचा गेला. मला मात्र हल्ली दवाखान्यातून घरी आलं की चप्पल काढायचाही कंटाळा येतो. दिवसभर लोकांच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढायचे. ‘हनुवटी टेकवा, हलू नका’ म्हणून म्हणून जीभ दमते.

मागच्या आठवड्यात नवा कॅमेरा आला. बसवणारा म्हणाला, "ताई, तुम्हीच बसा की चाचणीला." बसले. स्क्रीनवर फोटो आला. एरवी दृष्टीच्या नसेतून रक्तवाहिन्या कशा अलगद बाहेर पडतात. इथे त्या कडेशी बुडी मारून, गुडघ्यात वाकल्यासारख्या वर येत होत्या. नसेच्या तोंडाशी असतो तो मधला खड्डाही भलताच रुंद.

"अहो, हा कुठल्या पेशंटचा लावलात?"

"तुमचाच आहे."

डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. काचबिंदू. डाव्या डोळ्याची वरच्या बाजूची नजर गेली आहे आणि मला पत्ताच नव्हता. दुखत नाही, खुपत नाही. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं औषधाच्या थेंबांनी टिकवता येईल म्हणाल्या. मग विचारलं, "घरात आणखी कोणाला?" मला भिंत चाचपत चालणारे बाबा आठवले. वय झालं, म्हणून आपण सोडून दिलं होतं.

"सख्ख्या भावंडांना लगेच तपासून घ्या," त्या म्हणाल्या.

तुला किती फोन केले! "माझी नजर घारीसारखी आहे, ताई. उगाच डोकं खाऊ नकोस," म्हणून तू ठेवून दिलास.

मग तुझ्या बायकोचा फोन आला. रडत होती. शाळेची बस तू पुन्हा फाटकाच्या खांबाला घासलीस. खांबच वाकडा आहे, असं सगळ्यांना सांगितलंस. त्या बाजूच्या खिडक्यांशी मुलं बसली होती रे.

म्हणून काल मी शाळेत फोन केला. मुख्याध्यापिकाबाईंना सगळं सांगितलं. हे पत्र हाती पडेल तोवर त्यांनी तुझ्याकडून चावी घेतली असेल. तुझ्या पाठीमागे केलं, तुझ्या पोटावर पाय दिला. तपासणीत काही निघालं नाही, तर मी स्वतः येऊन बाईंच्या पाया पडेन.

सोमवारी दवाखान्यात वाट पाहते. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण ये, आणि येताना गाडी बायकोला चालवू दे.

तुझ्या रागाला तयार असलेली,
ताई