आजीच्या गाडीचा ब्रेक गप्प होतो

वन्डूला,
रविवार, १८ सप्टेंबर २००५

चि. ब्रॉनीस आजीचे भरघोस आशीर्वाद, आणि दोन्ही गालांवर एकेक पापा.

तर ब्रेक बघायला पहिला आला नेव्हिल. कॉलिनने त्याला नऊचं सांगितलं होतं, हा सातालाच फाटकात उभा. बरोबर कुत्रं, थर्मास आणि स्वतःची घडीची खुर्ची. मी अजून झोपेच्या झग्यात. म्हटलं, नेव्हिल, माझ्या घरात खुर्च्या आहेत रे. तर म्हणतो, तुझ्या खुर्च्या बसायच्या, ही विचार करायची. जन्मभर मेंढ्या कातरून त्याची पाठ वाकली, पण जीभ काही वाकली नाही बघ.

मग कॉलिन आला. तोच तो दातांचा डॉक्टर, आता निवृत्त झालाय आणि जुन्या मोटरसायकलींच्या क्लबाचा अध्यक्ष आहे. हत्यारांची पेटी मात्र अजून तीच, दवाखान्यातली. ती उघडल्याबरोबर माझं तोंड आपोआप उघडलं, इतकी वर्षांची सवय.

गेल्या वर्षी तू गावच्या जनावरांच्या शोला आली नव्हतीस, म्हणून मुळापासून सांगते. आजोबांची मोटरसायकल शोच्या परेडमध्ये सर्वांत पुढे असते, आणि ते गेल्यापासून ती मी चालवते, हे तुला माहीतच आहे. ब्रेक तर तिचा पहिल्यापासूनच किंचाळतो, पण गेल्या वर्षी प्रेक्षकांच्या स्टँडसमोर मानवंदनेला थांबायला मी ब्रेक दाबला आणि गाडी अशी किंचाळली, अशी किंचाळली, की गावातली सगळी कुत्री आभाळाकडे तोंड करून रडायला लागली. पहिल्या नंबरचा मेंढा उडी मारून थेट महापौरांच्या मांडीवर. महापौर अजून मेंढ्याचं मटण खात नाहीत म्हणे. झालं. कमिटीच्या मॉरीनबाई घरी आल्या, चहा घेतला, माझे तीन स्कोन खाल्ले आणि मग म्हणाल्या की एनिड, यंदा ब्रेक गप्प हवा, नाहीतर पुढे माझ्या जावयाची पांढरी उघडी मोटर राहील. तुझी गाडी मागे, ट्रॅक्टरांच्या ओळीत.

ट्रॅक्टरांच्या ओळीत! ब्रॉनी, तुझ्या आजोबांनी ती गाडी जपानी बोटीतून उतरल्या दिवशी घेतली. माझ्या मागे तिचं काय करायचं ते तुम्ही करा. पण मी आहे तोवर ती मॉरीनच्या जावयाचा धुरळा खाणार नाही. मला रात्री झोप लागेना. मी म्हटलं, काय वाटेल ते करा पण हिला गप्प करा.

तर दोघांनी मला झग्यातच गाडीवर बसवलं आणि अंगणात येरझारा घालायला लावल्या. मी दाबायची, ती किंचाळायची, शेजारच्या कोंबड्या अंडी घालायच्या थांबायच्या. नेव्हिल जमिनीला कान लावून पडला. कॉलिनने एक लाकडी चमचा दातात धरला, त्याचं दुसरं टोक ब्रेकला टेकवलं आणि डोळे मिटले. हाडातून आवाज नेमका कळतो म्हणे. बराच वेळ ऐकून त्याने निदान केलं की दुखणं पॅडमध्ये आहे. मला तर चमचा परत मिळेल का याची काळजी.

चाक काढलं. पुढच्या चाकाला ती स्टीलची थाळी असते ना, डिस्क, तिला दोन्हीकडून पॅड चिमटतात. ते चिमटणारं जे काही असतं त्याला कॉलिन जबडाच म्हणतो. पॅड गुळगुळीत होऊन काचेसारखे चमकत होते. तो त्यांच्याशी हळू आवाजात बोलायला लागला, आता थोडं टोचेल, घाबरायचं नाही. मग कानशीने कडा तासल्या, पॉलिश पेपरने चमक काढली आणि सवयीने मलाच गुळणी करायला सांगितली. मी केलीसुद्धा.

शेवटी पॅडच्या पाठीला ब्रेकचं खास ग्रीस लावायचं होतं, अगदी पुसटसं. तो डबा कॉलिन घरी विसरलेला. नेव्हिल विचाराच्या खुर्चीतून म्हणाला की त्यात काय अडलंय, माझ्या गाडीत मेंढीच्या लोकरीची चरबी आहे. आपल्याकडे बिजागरीपासून फुटलेल्या ओठांपर्यंत सगळ्याला तीच तर लावतो, आणि तिच्याइतकं गप्प करणारं जगात काही नाही. कॉलिन थोडा घुटमळला. पण नेव्हिलने बोटभर म्हणता म्हणता मूठभर लावली.

आणि ब्रॉनी, गप्प! अंगणात एक फेरी मारली, दाबला, थांबली, आवाज नाही. मला रडूच आलं. दोघांना स्पंज केक कापून दिला, शोसाठी ठेवलेला होता तो. परवा दुसरा करीन.

शनिवारी शो. तुझ्या फेरीबोटींना सांग की आजीची गाडी पुढे आहे. लोभ आहेच, तो आणखी हवा असेल तर पत्र मोठं लिही, मागच्या वेळसारखं चार ओळींचं नको.

तुझी,
आजी

*

होबार्ट,
गुरुवार, २२ सप्टेंबर

ती. आजीस, साष्टांग नमस्कार आणि एक घट्ट मिठी.

तुझं पत्र आत्ता मिळालं. डबा खाता खाता वाचलं आणि डबा तसाच ठेवून उठले. फोन केला, तू उचलत नाहीस. मला ठाऊक आहे, शोच्या आठवड्यात घंटीने केक बसतो म्हणून तू फोनवर उशी बांधून ठेवतेस. म्हणून लिहितेय, आणि हे पत्र मी स्वतः टपालात नेऊन टाकणार आहे.

आजी, गाडीवर बसू नकोस. मी दिवसभर फेरीबोटींची इंजिनं दुरुस्त करते, मला कळतं म्हणून ऐक. लोकरीची चरबी बिजागरीला ठीक, ओठांना ठीक. ब्रेक तापतो. तापला की ती चरबी लोण्यासारखी वितळणार आणि पाठीवरून पुढे डिस्कवर येणार. अंगणातल्या एका फेरीत काही तापलं नाही, म्हणून तुला थांबता आलं. परेडमध्ये ती गाडी गप्प राहील यात मला शंका नाही. ती थांबायचीसुद्धा नाही. आणि मागचा ब्रेक तर आजोबा होते तेव्हापासून रुसलेला आहे.

ते पॅड फेकून दे, चरबी प्यालेले पॅड पुन्हा सुधारत नाहीत. डिस्क स्पिरिटने पुसायची. नवे पॅड मी पाठवते, ग्रीसची ट्यूबही, आणि पाठीला पुसटसं म्हणजे पुसटसंच. यंदा ट्रॅक्टरांच्या ओळीत चालत गेलीस तरी काही बिघडत नाही. आजोबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

बरं, नसतं सांगितलं. पण तू तरी ऐक.

कॉलिनकाकांना नमस्कार. नेव्हिलकाकांना नमस्कार नाही. मी एकटी इथे बसून काळजी करतेय हे लक्षात ठेव आणि त्यातूनच माझी माया ओळख.

तुझी,
ब्रॉनी

*

वन्डूला,
मंगळवार, २७ सप्टेंबर

चि. ब्रॉनीस, धडधाकट आजीचे आशीर्वाद. (धडधाकट आधीच लिहिलं, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.)

तुझं पत्र काल मिळालं आणि शो होता शनिवारी. पोस्टमनने दारातच विचारलं की एवढं घाईचं काय आहे, तर मी म्हटलं, काही नाही, झालेलं भविष्य आहे.

तू म्हणालीस तसंच झालं, फक्त जास्त मजेचं. परेड निघाली तेव्हा पुढे मी, आजोबांचं कातडी जाकीट घातलेलं, मागे मॉरीनच्या जावयाची पांढरी मोटर, तिच्यात महापौर. मग बॅगपाइपवाले, मग बैल, घोडे, अल्पाका, बकऱ्या, सगळे गळ्यात रिबिनी घालून. रिंगणात दोन फेऱ्या झाल्या. मी मधेमधे ब्रेक दाबून बघत होते, गप्प आहे ना म्हणून. तीच चूक झाली बघ, तापवला मीच. स्टँडसमोर आले, मानवंदनेला ब्रेकची मूठ दाबली, तर पॅड नुसते घसरले, आणि गाडी आपली चाललीय. स्टँडवर सगळे उभे राहिले, टोप्या काढल्या, मी हात हलवत त्यांच्यासमोरून निघून गेले.

पुढे फाटक, आणि ते उघडं, कारण अँब्युलन्सला वाट ठेवतात. फाटकाबाहेर तो उतार तुला आठवतो ना. मी इंजिन बंद केलं. उताराला इंजिनाची काय पर्वा.

आता ऐक. मी मागे वळून बघते तर अख्खी परेड माझ्या मागे. कमिटीचा नियमच आहे ना, की पुढच्याच्या पुढे जायचं नाही आणि ओळ सोडायची नाही. आणि थांबायचं कधी हे इतकी वर्षं सगळे आमच्या ब्रेकच्या किंचाळण्यावरूनच ओळखायचे. यंदा किंचाळलं कोण? कोणीच नाही. मग थांबायचं कशाला? बॅगपाइपवाले वाजवत होते, बैल शिस्तीत चालत होते. पबमधले लोक पेले घेऊन बाहेर आले आणि सगळ्यांना वाटलं यंदा कमिटीने काहीतरी नवीन केलंय. टाळ्या वाजवल्या. खाटकाच्या दुकानासमोर बैल जरा घाईने गेले, एवढंच.

मी ओरडत होते की मला थांबता येत नाही. महापौरांनी मोटरीतून ओरडून सांगितलं की नका थांबू, फार छान चाललंय.

शेवटी रस्ता सपाट झाला आणि गाडी, हिरवळीवर चेंडू घरंगळवतात ना, त्या बोलिंग क्लबच्या कुंपणातून आत गेली. त्या हिरवळीवर. तीच ती, जिच्यावर टाचेचे बूट घालून पाऊल ठेवलं म्हणून विनिफ्रेडबाईंना क्लबातून काढलं होतं. मधोमध जाऊन गाडी आपणहून थांबली, जशी काय तिला तीच जागा हवी होती. मागोमाग पांढरी मोटर, बॅगपाइप, बैल, घोडे, अल्पाका. सगळे हिरवळीवर गोल करून उभे. परीक्षक धापा टाकत आले, बघतात तर सगळी जनावरं ओळीत, म्हणून तिथेच बक्षिसांच्या रिबिनी टोचून टाकल्या. अल्पाकांनी कोपऱ्यातली हिरवळ इतकी नेटकी खाल्ली की माळ्याने तक्रार करता करता तोंड मिटलं.

मॉरीनबाई सर्वांत शेवटी आल्या, चालत, हॅट एका कानावर. मी जाकिटाची बटणं उघडून जागा सोडायच्या तयारीनेच उभी होते. मनात म्हटलं, गेली गाडी ट्रॅक्टरांत. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, श्वास घेतला, पुन्हा घेतला, आणि म्हणाल्या, “एनिड, पुढच्या वर्षीही तूच पुढे. पण ती किंचाळणारी गाडी आण. ही गुपचूप चालणारी मला नको, हिच्या मागे गाव समुद्रापर्यंत जाईल.” मग त्यांनी पांढऱ्या मोटरीकडे बघितलं. तिच्या मागच्या सीटवर महापौरांशेजारी एक बकरी बसलेली होती. जावयाला म्हणाल्या, तू ट्रॅक्टरांमागे.

ब्रॉनी, मी त्या हिरवळीवर, सगळ्यांदेखत, गाडीच्या टाकीचा मुका घेतला.

तुझे नवे पॅड आजच आले. घालू, पोरी, नक्की घालू, थांबणं हवंच आणि तू सांगितलंस तसं स्पिरिटनेही पुसू. पण तेवढं पाठीचं ग्रीस लावायचं नाही असं आमच्यात ठरलंय. कॉलिन काळजीत आहे. म्हणतो, एवढ्या वर्षांत पेशंटने दुखणं परत बसवून मागितलं असं कधी झालं नाही, आणि बसवायचं कसं हे कुठे शिकवलेलं नाही. नेव्हिलला मी चरबीचा डबा घरी ठेवून यायला सांगितलंय. त्याने तो स्वतःच्या ओठांना लावून संपवला म्हणे.

तू काळजी केलीस त्याबद्दल रागावत नाही. उलट तेवढ्यासाठीच पुन्हा लिही. माया आहे तेवढीच राहू दे, वाढवलीस तर मी पार्सलचे पैसे देणार नाही.

तुझी,
आजी

ता. क. दोघेही गुरुवारी येतो म्हणालेत, आवाज परत बसवायला. नेव्हिल सातालाच येईल.